पेनड्राइव्हवर छापलेले २ टीबी, आत निघाले २९.१ जीबी

नव्या पेनड्राइव्हवर टाकलेल्या १८७ फायली, ६१४ जीबी. त्यातल्या पूर्ण शाबूत राहिल्या नऊ. दहावी मध्येच तुटलेली, आणि उरलेल्या १७७ म्हणजे नुसती नावे. नाव बरोबर, तारीख बरोबर, आकारही बाइटला बाइट बरोबर. फक्त आत शून्यांखेरीज काही नाही.

बनावट क्षमतेचे पेनड्राइव्ह असतात हे मला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. दुसऱ्यांना ते समजावून सांगणाऱ्यांतलाच मी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. राग विकणाऱ्याचा आहेच, पण निम्मा माझा स्वतःचा आहे.

फसवणुकीचा गाभा सगळ्यांना माहीत असेल, म्हणून थोडक्यात. पेनड्राइव्हमध्ये साठवणाऱ्या चिपशेजारी एक कंट्रोलर असतो. आपली क्षमता किती हे संगणकाला तोच सांगतो. त्याच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याला चालवणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये, हवा तो आकडा भरला की ३२ जीबीची चिप छातीठोकपणे २ टीबी असल्याचे सांगते. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. खरी जागा संपल्यावर पुढे आलेला मजकूर काही कंट्रोलर फेकून देतात आणि ‘लिहिला’ म्हणून कळवतात. काही परत सुरुवातीला जाऊन आधीच्यावरच लिहितात. माझा पहिल्या जातीचा, म्हणून पहिल्या नऊ फायली तरी वाचल्या. दुसऱ्या जातीत पहिल्याच फायली आधी मरतात. आणि नावे का दिसत राहतात? कोणती फाइल कुठे आहे हे सांगणारे फाइल सिस्टिमचे तक्ते ड्राइव्हच्या सुरुवातीला, म्हणजे खऱ्या जागेत असतात. माझ्या सगळ्या फायली एकाच फोल्डरमध्ये होत्या आणि तो सुरुवातीलाच बनला होता, म्हणून त्यांची यादी शाबूत राहिली. चारशे जीबी भरल्यावर नवा फोल्डर केला असता, तर तो रिकामा किंवा अगम्य चिन्हांनी भरलेला दिसला असता आणि मला त्याच दिवशी कळले असते.

आता तो क्षण, जो आठवला की अजून कान लाल होतात. ड्राइव्ह पहिल्यांदा जोडला तेव्हा विंडोजने क्षमता दाखवली १.९५ टीबी. मनात आले, ‘वा, जवळजवळ पूर्ण दोन.’ इथेच थांबायला हवे होते! कंपन्या १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४च्या पटीत मोजते. त्यामुळे खरा २ टीबी विंडोजमध्ये १.८१ दिसतो, १ टीबी ९३१ जीबी, २५६ जीबी २३८च्या आसपास, आणि ६४ जीबी ५९ किंवा थोडा कमी. १.९५ म्हणजे सुमारे २ लाख १४ हजार कोटी बाइट, छापलेल्यापेक्षा तब्बल १४४ जीबी जास्त. कोणता कारखाना १४४ जीबी फुकट वाटतो? हे गणित मला तोंडपाठ आहे. आकडा डोळ्यांसमोर होता आणि मी खूश होतो. (उलट मात्र खरे नाही. हुशार भामटा बरोबर १.८१ही भरू शकतो. जास्त दिसला तर बनावट समजा, बरोबर दिसला तर अजून काहीच सिद्ध झालेले नाही.)

दुसरी खूण वेगाची. पहिले २९-३० जीबी सेकंदाला १८ एमबीने गेले, मग वेग एकदम २६ झाला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. सगळे मिळून सात तासांना थोडे कमी. खऱ्या पेनड्राइव्हचा वेग भरता भरता घटतो. आधी चिपमधला जलद भाग वापरला जातो, तो भरला की संथ लिखाण सुरू होते, वर चिप तापते. मध्येच वेग वाढून तो तसाच टिकला याचा अर्थ ड्राइव्हने लिहिणेच सोडून दिले होते. फेकून द्यायला कुठे वेळ लागतो?

आता कोणी म्हणेल, तपासले नाहीस का? तपासले होते. पहिली फाइल उघडली, व्यवस्थित चालली. शेवटची उघडली, तीही चालली. पहिली खऱ्या २९ जीबीतली होती, आणि शेवटची नुकतीच कॉपी झालेली असल्याने ड्राइव्हवरून नाही तर संगणकाच्या रॅममधून, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतून आली. छोटी चित्रेही दिसत होती, ती संगणकाने आधीच स्वतःकडे साठवलेली. दोन टोके पाहिली आणि मधले सगळे गेले. ड्राइव्ह काढून, संगणक बंद करून, पुन्हा जोडून मधली एखादी फाइल उघडली असती तर दोन मिनिटांत भांडे फुटले असते.

त्यानंतर मूळ फायली संगणकावरून काढून टाकल्या. होय, काढल्या. जागा हवी होती, त्यासाठीच तर ड्राइव्ह घेतला होता. संगणकात एसएसडी असल्याने आणि डिलीट केलेली जागा ट्रिम आदेशाने मोकळी होत असल्याने तिथून काही परत आले नाही. पेनड्राइव्हवर रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवण्याचाही उपयोग नाही. जे कधी लिहिलेच गेले नाही ते कोण शोधून देणार? ‘शंभर टक्के परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्यांना त्यासाठी पैसे देऊ नका, ती दुसरी फसवणूक.

आणि ते निळे प्लास्टिक! तोंडातली पट्टी निळी असली की लोक यूएसबी ३ समजतात, मीही समजलो. रंगाला कोणी अडवत नाही. आत डोकावून पाहा. नेहमीच्या चौकोनी तोंडाच्या यूएसबी २ ला धातूच्या चार पट्ट्या असतात. यूएसबी ३ ला त्यांच्यामागे आणखी पाच, एकूण नऊ. माझ्यात चारच होत्या. हे फक्त नजरेने, ड्राइव्ह न जोडता कळते.

आता तक्रारीची कहाणी. विक्रेत्याचे पहिले उत्तर: ‘फॉरमॅट करून पाहा.’ नीट समजून घ्या, हा सल्ला नाही, पुरावा पुसण्याची विनंती आहे. फॉरमॅट केल्यावर नवा कोरा तक्ता लिहिला जातो, तोही खऱ्या जागेत, आणि ड्राइव्ह पुन्हा १.९५ टीबी दाखवत हसत बसतो. मी नकार दिला. दुसरे उत्तर: ‘प्रॉपर्टीजचा फोटो पाठवा.’ पाठवला. तिसरे उत्तर: ‘फोटोत क्षमता पूर्ण दिसते आहे, माल सुस्थितीत आहे.’ म्हणजे खोटे बोलणाऱ्यालाच साक्षीला बोलावले, त्याने ‘मी खरा’ म्हटले, खटला संपला. चाचणीचा अहवाल पाठवला तर ‘बाहेरच्या सॉफ्टवेअरचे निकाल ग्राह्य नाहीत’. मग ग्राह्य काय? त्याला उत्तर नाही. विक्रीच्या मंचाकडे गेलो, त्यांनी प्रकरण परत त्याच विक्रेत्याकडे ‘अभिप्रायासाठी’ पाठवले आणि अभिप्राय आल्यावर ‘निकाली’ असा शिक्का मारला. सायबर तक्रार घेणाऱ्या खिडकीवर विचारले गेले, ‘पैसे खात्यातून न सांगता गेले का?’ नाही, मीच दिले. ‘मग हा वस्तूच्या दर्जाचा वाद, ग्राहक विभागाकडे जा.’ ग्राहक विभागात विचारणा, ‘वस्तू चालू होते का?’ होते. ‘मग दोष काय?’ तो समजावताना समोरच्याने अर्ध्यातच विचारले, ‘व्हायरस असेल, स्कॅन केले का?’ एका टेबलावर फर्मवेअर शब्द लिहून घ्यायला रकाना नव्हता म्हणून ‘पेनड्राइव्ह बंद पडला’ अशी नोंद झाली. बंद पडला असता तर बरे झाले असते हो! आणि मुदत? माल परत करण्याची मुदत वस्तू मिळाल्यापासून मोजली जाते, बनवेगिरी उघडकीस आल्यापासून नाही. एवढा मोठा ड्राइव्ह कोणी आठवड्यात भरत नाही. हा सगळा धंदा त्या दोन तारखांमधल्या फटीत उभा आहे.

म्हणून घेतल्या दिवशीच, त्यावर काहीही ठेवण्याआधी चाचणी. विंडोजवर जर्मनीच्या ‘सीटी’ मासिकाचे एच२टेस्टडब्ल्यू हे जुने पण पक्के साधन आहे. ते ड्राइव्हवर एकेक जीबीच्या फायली लिहिते, मग परत वाचून पडताळते. त्यात ‘सगळी उपलब्ध जागा’ हाच पर्याय निवडा. २० जीबीची चाचणी माझाही ड्राइव्ह उत्तम गुणांनी पास झाला असता. साधन आधीच्या फायलींना हात लावत नाही, तरीही भरलेल्या ड्राइव्हवर ते चालवू नका. ड्राइव्ह बनावट आणि दुसऱ्या जातीचा असेल, तर चाचणीच्याच फायली तुमच्या फायलींवर जाऊन बसतील.

वेळ किती लागतो तेही ऐका. माझ्या ड्राइव्हच्या वेगाने पूर्ण चाचणीला नुसते लिहायला सुमारे २२-२३ तास लागले असते, वाचायला वेगळे. म्हणून आधी झटपट चाचणी. विंडोजवर स्टीव्ह गिब्सन यांचे व्हॅलिड्राइव्ह संपूर्ण ड्राइव्हभर विखुरलेल्या ५७६ जागा लिहून-वाचून पाहते, काही मिनिटांचे काम. लिनक्सवर एफ३ या चाचणी-साधनांच्या संचातले एफ३प्रोब तेच काम करते. मॅकवर त्याच संचातले एफ३राइट आणि एफ३रीड वापरा, पण ती पूर्ण लांबीची चाचणी. झटपट चाचणीत नापास झाला की संपले, तेवढा पुरावा घेऊन लगेच परत करा. पास झाला तरी रात्रभर पूर्ण चाचणी लावा, कारण मधले खराब भाग तिथेच सापडतात. राइट आणि रीड यांच्यामध्ये ड्राइव्ह काढून पुन्हा जोडा, नाहीतर रॅम पुन्हा दगा देईल.

मोठ्या फायलींसाठी निवडताना माझ्यासारखे नुसता क्षमतेचा आकडा बघू नका. पाकिटावर मोठ्या अक्षरात असतो तो वाचनाचा वेग. लिहिण्याचा वेग छापलाच नसेल तर तो सांगण्याजोगा नाही असे समजा. यूएसबी ३ असूनही सेकंदाला १०-२० एमबीने लिहिणारे ड्राइव्ह भरपूर आहेत. ५० जीबी सलग कॉपी करून शेवटच्या १० जीबीचा वेग पाहा, तोच खरा. खरा यूएसबी ३ ड्राइव्ह संथ वाटला तर एकदा काढून झटक्यात आत घाला. हळूहळू सरकवला की पुढच्या चार पट्ट्या आधी टेकतात आणि जोडणी कधी कधी यूएसबी २ वरच अडकते. फार लोक यावरून चांगला ड्राइव्ह परत करतात.

एक फाइल ४ जीबीच्या पुढे असेल तर फॅट३२ हा फॉरमॅट चालत नाही, त्याची मर्यादा ४ जीबीला एक बाइट कमी. त्यावर येणारी ‘जागा अपुरी’सारखी सूचना ही बनवेगिरी नव्हे, एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. एक्सफॅट विंडोज, मॅक आणि ५.४पासूनच्या लिनक्स कर्नलवर चालते. त्यात जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, नसते, कॉपी चालू असताना उपटलात तर तक्ता बिघडू शकतो, म्हणून ‘इजेक्ट’ करूनच काढा. एनटीएफएस हा विंडोजचा फॉरमॅट मॅकवर मुळात फक्त वाचता येतो.

आणि क्षमतेचे तारतम्य. किंग्स्टनने १ टीबीचा पेनड्राइव्ह २०१३मध्ये आणि २ टीबीचा २०१७मध्ये जाहीर केला. तो २ टीबीवाला धातूच्या कवचात चांगला जाडजूड होता. बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकमध्ये ८ किंवा १६ टीबी पाहिलेत तर पुढचे वाचूही नका. २५६ जीबीच्या वर सतत कॉपी करायची असेल तर पेनड्राइव्हचा हट्ट सोडून पोर्टेबल एसएसडी घ्या. तिथेही भामटे आहेत, मोठ्या पेटीत कार्ड रीडर आणि मायक्रोएसडी चिकटवून विकतात, तेव्हा चाचणी तिथेही तीच.

मूळ फाइल काढण्यापूर्वी हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला अक्षर-आकड्यांचा ठसा, जुळवा. विंडोजमध्ये सर्टयुटिलचा हॅशफाइल आदेश, मॅकवर शासम, लिनक्सवर शा२५६सम. मूळ आणि प्रत दोन्हींवर चालवा, अक्षरे जुळली तरच डिलीट. आणि एकुलती एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवू नका, अस्सल असला तरी.

माझ्या ड्राइव्हवर सध्या एफ३ संचातल्याच एफ३फिक्सने खऱ्या जागेपुरते विभाजन केले आहे, विंडोजमध्ये तो २९.१ जीबी दाखवतो. त्याच्यावर काही ठेवत नाही, कोणी दोष विचारला तर दाखवायला आहे. आधी फॉरमॅट करून हात धुऊन बसू नका: १.९५ची खिडकी, चाचणीचा निकाल, उघडून पाहिलेल्या फाइलमधली शून्ये आणि तोंडातल्या चार पट्ट्या या चारही गोष्टींचे फोटो तक्रारीच्या पहिल्याच पत्राला जोडा, आणि तेही मुदतीच्या आत.