एअर प्युरिफायर : दिवाळीपासून वापरतोय, आता उन्हाळा लागलाय, तर सविस्तर लिहितो

आम्ही मुलुंडला राहतो, समोरच्या दोन बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला गेल्यात आणि आईला जुना दमा, म्हणून घेतला. अख्खा हिवाळा त्यावर काढलाय.

घेताना बॉक्सवरचं बाकी सगळं सोडा, सीएडीआर बघा, म्हणजे मशीन तासाला किती घनमीटर हवा साफ करून देतं ते. आईची खोली १० बाय १२, उंची साडेनऊ फूट, म्हणजे साधारण ३२ घनमीटर, ती हवा तासाला पाचदा फिरवायची तर १६० पुरतो, पण हा आकडा फुल स्पीडचा असतो आणि फुल स्पीडच्या आवाजात म्हातारं माणूस झोपूच शकत नाही. म्हणून ३०० वाला घेतला, रात्री मधल्या स्पीडवर चालवतो.

खरं काम हेपा फिल्टरचं, म्हणजे अगदी बारीक कण अडकवणाऱ्या फिल्टरचं. तो एच१३ ग्रेडचा असेल तर पकडायला सगळ्यात अवघड साइजचे कणही ९९.९५ टक्के अडकतात, बॅक्टेरियासुद्धा. यूव्ही लॅम्पसाठी (अतिनील प्रकाश) जास्तीचे पैसे घालू नका. यूव्ही-सीने जंतू मरतात हे खरंय, पण त्याला वेळ लागतो आणि इथे हवा लॅम्पसमोरून क्षणात निघून जाते. आयोनायझर, म्हणजे हवेतल्या कणांना विजेचा भार देणारा भाग, आम्ही पहिल्यापासून बंद ठेवलाय, कारण त्यातून ओझोन निघू शकतो आणि दमेकऱ्याला तो वाईट.

जानेवारीत बाहेर पीएम २.५ (हवेतले अतिबारीक कण, मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर) शंभराच्या वर असताना दार लावून अर्ध्या-पाऊण तासात खोलीत २० च्या खाली यायचा. डब्ल्यूएचओची २४ तासांची मर्यादा १५, आपल्याकडची ६०. पण दार उघडं राहिलं आणि किचनमध्ये मिरचीची फोडणी पडली की मीटर लगेच लाल!

प्रीफिल्टरची जाळी, म्हणजे हेपाच्या आधी मोठी धूळ अडवणारी, दर रविवारी काढतो. करडा जाड थर असतो, सिमेंटची पूड, केस, गोधडीचे धागे सगळं एकात एक गुंतलेलं. ती धुवून पूर्ण वाळवूनच बसवायची, हेपाला मात्र पाणी अजिबात लावायचं नाही.

आणि खिडकी कायमची बंद करू नका, कार्बन डायऑक्साइड हे मशीन काढत नाही. आम्ही दुपारी वारा सुटला की थोडा वेळ उघडतो.

आईचं रात्री उठून खोकत बसणं बरंच कमी झालंय, याचं मला फार समाधान आहे. इनहेलर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालूच आहे, तो या भरवशावर बंद करायचा नाही. नवीन फिल्टरची किंमत आणि तो मिळतो का, हे मशीन घ्यायच्या आधीच विचारून घ्या, आमच्या कंपनीने तो द्यायला महिना लावला आणि तोही ऐन थंडीत.