बॉस्टनला आई-बाबा आले की: डक टूर की लाल विटांची रेघ?

मे महिना आला की बॉस्टनजवळच्या आमच्या फ्रेमिंगहॅमच्या मराठी घरांमधून एकच प्रश्न फिरायला लागतो. आई-बाबा किंवा सासू-सासरे आलेत, जेटलॅग उतरलाय, नायगाराला अजून वेळ आहे, तर एक शनिवार बॉस्टन दाखवायचंय. डक टूर, म्हणजे रस्त्यावर आणि नदीत दोन्हीकडे चालणाऱ्या गाडीतून शहर दाखवणारी सहल, घ्यायची का? गेल्या वर्षभरात चार जणांनी तरी मला हे विचारलं आणि दरवेळी मी फोनवर घाईघाईत काहीतरी सांगितलं. म्हणून आता बसून लिहितो आहे. डक टूर मी दोनदा केली, एकदा आठ वर्षांच्या मुलीबरोबर आणि एकदा आई-बाबांबरोबर. त्याच उन्हाळ्यात, तीन आठवड्यांनी, आई-बाबांना घेऊन फ्रीडम ट्रेलचा, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातली ठिकाणं जोडणाऱ्या वाटेचा, पहिला भाग पायी केला आणि तिथून चार्ल्सटाउनची फेरी बोट घेतली. तुलना या दोन शनिवारांची आहे.

आधी डकबद्दल, कारण तिच्यात खरंच खूप काही आहे. नाव पक्ष्याचं वाटतं, पण ते आलं दुसऱ्या महायुद्धातल्या एका लष्करी वाहनावरून. जनरल मोटर्सच्या सांकेतिक अक्षरांत ते डीयूकेडब्ल्यू होतं. डी म्हणजे 1942 सालचं डिझाइन, यू म्हणजे पाण्यात-जमिनीवर चालणारं, के म्हणजे पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर, डब्ल्यू म्हणजे मागे दोन आस. अशी सुमारे 21,000 वाहनं बनली, 1943 मध्ये सिसिलीत आणि 1944 मध्ये नॉर्मंडीत ती किनाऱ्यावर सामान आणि माणसं उतरवत होती. आज बॉस्टनच्या रस्त्यांवर त्याच घडणीच्या रंगीत गाड्या दिसतात. इथला एखादा संघ जिंकला की खेळाडूंची मिरवणूकसुद्धा याच गाड्यांतून निघते, 2024 मध्ये सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाची निघाली तशी. शहराने या गाडीला आपलं मानलंय, त्यामुळे तिच्यात बसलं की रस्त्यावरची माणसं हात करतात. आईला हे फार आवडलं. ती प्रत्येकाला उलट हात करत होती.

सगळी फेरी साधारण 80 मिनिटांची, त्यातली 20 मिनिटं चार्ल्स नदीत. या 20 मिनिटांशी तुलना करता येईल असं माझ्याकडे काही नाही. गाडी उतारावर येते, नाक खाली जातं, पुढे पाण्याचा फवारा उडतो आणि इंजिनाचा आवाज एकदम बदलतो. चाकांखालचा खडखडाट संपतो. मग डावी-उजवीकडे शिडाच्या होड्या, एका काठाला एमआयटी, दुसऱ्या काठाला बीकन हिलच्या विटांच्या घरांवर स्टेट हाउसचा, म्हणजे इथल्या विधानभवनाचा, सोनेरी घुमट, आणि 1906 च्या लाँगफेलो पुलावरून जाणारी रेड लाइन मेट्रोची गाडी. त्या पुलाच्या मनोऱ्यांना लोक मीठ-मिरीच्या डब्या म्हणतात. आईने ते बघताक्षणी ओळखलं, मला सांगावंही लागलं नाही. पाण्यावर मुलांना सुकाणू धरू देतात. आमच्या मुलीने ते दोन्ही हातांनी असं घट्ट धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली. तो फोटो अजून फ्रीजवर आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न माझ्या बायकोने पहिल्यांदा विचारला होता आणि तो विचारायलाच हवा. 2018 मध्ये मिझुरीतल्या टेबल रॉक तलावात वादळात अशीच एक गाडी बुडाली आणि 31 पैकी 17 जण गेले. त्याआधी 2016 मध्ये बॉस्टनमध्ये रस्त्यावर एक जीवघेणा अपघात झाला होता. त्यानंतर इथले नियम कडक झाले, आता गाडी चालवणारा वेगळा आणि माहिती सांगणारा वेगळा असतो. चार्ल्सचं हे पाणी 1910 च्या धरणामुळे भरती-ओहोटीपासून सुटलेलं आहे, जवळजवळ तळ्यासारखं. मला स्वतःला पाण्यात भीती वाटली नाही. तरी हवामान बघून जा, आणि ज्यांच्या मनात धास्ती आहे त्यांना आग्रह करू नका.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला, ती.

माझी आई साताऱ्याला शाळेत इतिहास शिकवायची. इंग्रजी पेपर रोज वाचते. वाचलेलं इंग्रजी तिला कळतं, पण माईकवरून, वाऱ्यात, बॉस्टनच्या उच्चारात, एकामागून एक कोट्या करत बोललेलं इंग्रजी कळत नाही. बाबांचंही तसंच. आमचा माहिती सांगणारा माणूस मनापासून काम करत होता, वेशभूषा करून आला होता, गाडीतले बाकीचे सगळे खुशीत होते. तो एक वाक्य बोलायचा, गाडी हसायची, आणि आई माझ्या चेहऱ्याकडे बघायची. "काय म्हणाला रे?" मी तिच्या कानाशी वाकून सांगायला लागायचो. तेवढ्यात तो पुढच्या इमारतीवर गेलेला असायचा.

स्टेट हाउसपाशी काय झालं ते नीट आठवतंय. तो सांगत होता की दुसऱ्या महायुद्धात हा सोन्याचा घुमट करड्या रंगाने रंगवून टाकला होता, रात्री चमकू नये म्हणून. मला ते फारच आवडलं, कारण ज्या युद्धातली गाडी, त्याच युद्धातली ही गोष्ट. मी आईला मराठीत सांगायला सुरुवात केली. "आई, तो घुमट बघ, युद्धात..." आईने मान वळवली तोवर मध्ये झाडं आली होती. सोन्याचा एक तुकडा पानांतून दिसला आणि गेला. पलीकडे बसलेल्या बाबांपर्यंत तर काहीच पोचलं नव्हतं. पुढच्या दहा मिनिटांत आईने आणखी दोनदा विचारलं. मग तिने विचारणं सोडून दिलं. लोक हसले की तीही हसायची, थोडं उशिरा.

ते उशिराचं हसू मला सहन झालं नाही. यात कोणाची चूक नव्हती. ही टूर अशीच असते आणि तिच्या जागी ती चांगली आहे. पण चाक फिरत राहतं, थांबता येत नाही, उतरता येत नाही, "एक मिनिट, परत सांगा" म्हणता येत नाही. नदीवर गेल्यावर आई परत खुलली, कारण तिथे बघायला भाषा लागत नव्हती. 80 मधली ती 20 मिनिटं तिची होती. बाकीची 60 तिने माझ्यासाठी काढली, असं मला वाटतं. तिने तसं कधी म्हटलं नाही.

तिकिटाचा खर्च, चढताना लागणाऱ्या पायऱ्या, मध्ये बाथरूमची सोय नसणं, या गोष्टी आहेतच. बाबांना मधुमेह आहे, त्यांच्यासाठी 80 मिनिटं हा हिशेब होता. पण त्या सगळ्या मी चालवून घेतल्या असत्या.

तीन आठवड्यांनी आम्ही रेल्वेने साउथ स्टेशनला आलो, तिथून रेड लाइनने दोन स्टेशनं, पार्क स्ट्रीट. बॉस्टन कॉमनच्या कडेला फ्रीडम ट्रेल सुरू होते. सगळी ट्रेल सुमारे 4 किलोमीटर, 16 ठिकाणं, आणि वाट दाखवायला फुटपाथवर लाल विटांची, कुठे लाल रंगाची रेघ. नकाशा उघडायची गरज नाही. आईचे गुडघे लक्षात घेऊन मी फक्त फॅन्युइल हॉलपर्यंतचा टप्पा ठरवला होता, दीड किलोमीटरच्या आसपास. त्याला आम्हाला तीन तास लागले.

आधी ग्रॅनरी कबरस्तान. पॉल रिव्हिअर, सॅम्युअल ॲडम्स, जॉन हॅनकॉक ही स्वातंत्र्यलढ्यातली मंडळी तिथे पुरलेली आहेत. पाटीच्या दगडाच्या पातळ स्मृतिशिला, वर पंख फुटलेली कवटी कोरलेली. बाबा एकेक दगड वाकून वाचत होते. घाई नव्हती, वाचलेलं इंग्रजी त्यांना येतंच.

मग ओल्ड साउथ मीटिंग हाउस. 16 डिसेंबर 1773 ला इथे हजारो लोक जमले आणि रात्री जाऊन ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या 342 पेट्या बंदरात रिकाम्या केल्या. बाहेरच्या पाटीवरचं साल वाचून आई थांबली. "1773?" म्हणाली. "अरे, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. ऐन गणपतीत." मग फुटपाथवर उभं राहून तिने सगळं सांगितलं: गारदी, काका मला वाचवा, राघोबा, आणि पुढे मार्च 1775 मध्ये सुरतेला त्याने इंग्रजांशी केलेला तह. "कंपनीच ना ही? हीच कंपनी." मी म्हटलं, इथल्या स्वातंत्र्ययुद्धाची लेक्सिंग्टनची पहिली गोळी एप्रिल 1775 ची. म्हणजे सुरतेचा तह आणि इथली लढाई यांच्यात जेमतेम सहा आठवडे. आई क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "हे मी वर्गात कधी जोडून शिकवलंच नाही."

मी इथे अकरा वर्षं राहतो. त्या इमारतीवरून कितीतरी वेळा गेलो असेन. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

पुढे ओल्ड स्टेट हाउसपाशी इंग्रज सैनिकांनी 1770 मध्ये जमावावर केलेल्या गोळीबाराची जागा दाखवणारं दगडांचं वर्तुळ जमिनीत बसवलंय. उंच गाडीतून ते नजरेत भरेल असं मला वाटत नाही, ते पायाशीच बघायचं. पाच माणसं मेली, असं मी सांगितलं. आई वर्तुळाच्या बाहेरून फिरून गेली, आत पाय ठेवला नाही.

फॅन्युइल हॉलशेजारच्या क्विन्सी मार्केटच्या बाकांवर बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. बाथरूम तिथे आहे. हे लिहायला हवं म्हणून लिहितो, कारण ज्येष्ठांबरोबर दिवस यावरच ठरतो.

इथून पुढे ट्रेल नॉर्थ एंडमध्ये वळते, ती आम्ही सोडली. ज्यांचे पाय चांगले आहेत त्यांनी सोडू नये, 1680 च्या सुमाराचं पॉल रिव्हिअरचं घर आणि 1723 चं ओल्ड नॉर्थ चर्च तिकडेच आहे. आम्ही मार्केटमधून चालत पाच-सात मिनिटांवरच्या लाँग वॉर्फला गेलो आणि चार्ल्सटाउन नेव्ही यार्डची, म्हणजे नौदलाच्या जुन्या गोदीची, फेरी बोट पकडली. ही काही पर्यटनाची बोट नाही, लोक कामावर जायला वापरतात ती. मी गेलो तेव्हा तिकीट 3.70 डॉलर होतं आणि प्रवास दहाच मिनिटांचा. पण पाणी खाऱ्या समुद्राचं, वरच्या डेकवर वारा, मागे सगळ्या शहराची रेषा, आणि माईक नाही. डकसारखं पाण्यात उतरण्याचं थ्रिल इथे नाही हे कबूल. मुलगी बरोबर असती तर तिने तोंड वाकडं केलं असतं.

पलीकडे उतरलं की यूएसएस कॉन्स्टिट्यूशन. 1797 मध्ये पाण्यात सोडलेलं, अजून तरंगणारं, अजून नौदलाच्या सेवेत असलेलं लाकडी जहाज. प्रवेश फुकट आहे, पण मोठ्या माणसांना फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, म्हणून आई-बाबांचे पासपोर्ट आठवणीने बरोबर ठेवा. हे विसरून परत फिरलेलं एक कुटुंब मी बघितलं आहे.

बाबांनी मुंबई बंदरात 31 वर्षं नोकरी केली. डेकवर पाय ठेवल्यापासून ते काही बोलले नाहीत. एका जाड दोराची गुंडाळी होती, तिच्यापाशी उकिडवे बसले, पीळ कसा घातलाय ते अंगठ्याने चाचपून बघितलं आणि मग तिथल्या तरुण नाविकाला आपल्या सावकाश इंग्रजीत विचारलं, हे लाकूड कुठलं. तो थांबला. त्याने प्रश्न पूर्ण ऐकून घेतला. लाइव्ह ओक, तो म्हणाला, दक्षिणेकडून आणलेलं. तेव्हा बाबांनी त्याला सांगितलं की मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 मध्ये सागवानाचं ट्रिंकोमाली बांधलं, तेही अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतंय. नाविकाने नाव परत विचारलं, बाबांनी एकेक अक्षर सांगितलं. मी मध्ये पडलो नाही. दिवसभरात मला एकदाही कोणाच्या कानाशी वाकावं लागलं नाही.

तर, तुमच्याबरोबर पाच ते बारा वर्षांची मुलं असतील, किंवा पाहुण्यांना इथलं बोलणं सहज झेपत असेल, किंवा गुडघ्यांमुळे चालणं शक्यच नसेल, तर डक घ्या आणि नदीवर पोचेपर्यंत थोडा धीर धरा. टूर मार्चच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंतच असते, शनिवारची तिकिटं आधी काढून ठेवा. थंडी असेल तर बाजूचे पारदर्शक प्लास्टिकचे पडदे खाली सोडतात आणि त्यातून फोटो धूसर येतात, म्हणून जमलं तर जून ते सप्टेंबर. आई-बाबांचं कान वेगळे आणि डोळे वेगळे असं होणार असेल, तर मात्र माझ्या मते ती रेघ धरा. मध्ये बसायला बाक भरपूर आहेत.

या जूनमध्ये सासू-सासरे येताहेत. मुलीने आत्तापासून डकचा हट्ट धरलाय, तिला तिची आई नेईल. सासरे निवृत्त तलाठी, त्यांना जुन्या दस्तऐवजांचं वेड आहे. त्यांच्यासाठी मी चार्ल्सटाउनच्या फेरीचं वेळापत्रक छापून दाराच्या मागे लावलं आहे.