डब्ल्यूटीओ बरी की आरसेप?

१९९५ साली सुरू झालेल्या डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत, लहानमोठे सगळे देश एकाच पंगतीला. एकाने जरी नकार दिला तरी ठराव अडतो. २००१ची दोहा फेरी, म्हणजे व्यापार नियमांवरच्या वाटाघाटी, त्यातच रखडली. तरी अँटिग्वासारखं चिमुकलं बेट ऑनलाइन जुगाराच्या वादात अमेरिकेला हरवू शकलं ते इथेच (भरपाईचं घोंगडं भिजत पडलं, ते सोडा). लहान देशाला माझ्या मते हीच बरी. पण अमेरिकेने नेमणुका अडवल्याने डिसेंबर २०१९पासून तिथलं वादांच्या निकालांवरचं अपील ऐकणारं मंडळ ठप्प आहे.

आरसेप या आशिया-पॅसिफिकमधल्या व्यापार करारात पंधराच देश. एरवी एकमेकांवर डोळे वटारणारे चीन-जपानसुद्धा त्यात एकत्र आले. भारताने मात्र २०१९मध्येच काढता पाय घेतला. स्वस्त चिनी माल आणि न्यूझीलंडची दूध पावडर, दोन्हींची धास्ती होती.