साउंडबोर्डचं रेकॉर्डिंग की गर्दीतलं?

कोथरूडच्या भाच्याने विचारलं, "मामा, ग्रेटफुल डेडची एकच मैफल दोन प्रकारांत मिळते. कुठली ऐकू?"

पैशांचा प्रश्नच नाही. इंटरनेट आर्काइव्हवर या अमेरिकन रॉक बँडच्या बऱ्याच मैफली फुकट ऐकता येतात.

साउंडबोर्डवरून, म्हणजे मंचावरचे माइक जोडलेल्या मिक्सरवरून, घेतलेल्यात गार्सियाची गिटार आणि लेशचा बास सुटा सुटा कळतो, पण टाळ्या कुठेतरी लांब. गर्दीतल्या माइकवर आवाज जरा गढूळ, शेजारचा खोकतोही. मात्र जॅम, म्हणजे आयत्या वेळी सुचेल तसं वादन, रंगताना उठणारा गलका अंगावर येतो. सवाईत समेवर मंडपातून येते ना दाद, तशी! गर्दीतून असं रेकॉर्डिंग करणाऱ्या श्रोत्यांना बँडने 1984 मध्ये वेगळी जागाच दिली होती.

गिटार शिकत असशील तर पहिलं, हेडफोनवर. मैफलीत बसल्यासारखं हवं असेल तर दुसरं, दिवे मालवून.