मलय झापिनचा एक प्रयोग: पावले अस्सल, निवेदन अतिरेकी

मलेशियातील जोहोर बाहरू येथील एका छोट्या सभागृहात मलय सूफी परंपरेवरील संगीत-नृत्याचा एक कार्यक्रम पाहिला. त्यातील झापिनच्या भागाने तिकिटाचे पैसे वसूल झाले. उत्तरार्धाबद्दल मात्र तसे म्हणवत नाही.

झापिन हे येमेनमधील हद्रमौतच्या अरबांबरोबर आलेले आणि जोहोर आणि इंडोनेशियातील रिआऊ या भागांत रुजलेले नृत्य. एके काळी ते केवळ पुरुष करीत. येथे स्त्रियाही होत्या. आरंभी गंबूस हे तंतुवाद्य एकट्याने तक्सीम, म्हणजे आरंभीची मुक्त सुरावट, वाजवते आणि नर्तक बसून वंदन करतात. वादकाने येथे कसलीही घाई केली नाही. एक स्वर पुरता विरल्यावरच तो पुढच्या स्वराकडे वळला. नंतर मारवास ही हातात धरायची दुतोंडी चर्मवाद्ये सुरू झाली. एका वादकाच्या दोन थापांमध्ये उरलेली जागा दुसरा भरून काढतो, त्यामुळे ताल नेमका कोणाच्या हातून निघतो आहे हे कळेनासे होते. अलिफ या अरबी लिपीतील पहिल्या अक्षराचे नाव असलेल्या पदन्यासात नर्तक त्या अक्षराच्या उभ्या रेघेसारख्याच सरळ रेषेत पुढे-मागे जातात. सूफी परंपरेत अलिफ हे ईश्वराच्या एकत्वाचे चिन्ह. मारवासचा ठेका चढून उड्या आणि बैठका आल्या, तरी धड डळमळले नाही. गिरक्या घेणारे दरवेश पाहायला आलेल्यांची कदाचित निराशा होईल, पण या नृत्यातील भक्ती अशा संयमातच आहे.

उत्तरार्धात रेबाना या डफासारख्या वाद्याच्या साथीने म्हटलेल्या सलवातचे, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतिपर प्रार्थनेचे, ध्वनिवर्धकाने अक्षरशः वाटोळे केले. सोळाव्या शतकातील सूफी कवी हमझा फन्सुरी यांची, ईश्वर आणि सृष्टीचे नाते समुद्र आणि लाटेच्या रूपाने मांडणारी पदे निवडली होती खरी. पण मागे ध्वनिमुद्रित सिंथेसायझर आणि प्रत्येक पदानंतर निवेदकाचे लांबलचक विवेचन. गाणाऱ्यांचा आवाज चांगला होता, म्हणूनच अधिक वाईट वाटले. त्यातच निवेदकाने सगळ्या मलय नृत्यांना सरसकट सूफी ठरवले, हे तर अजिबात पटण्यासारखे नाही. माक योंगसारख्या नाट्यप्रकाराची मुळे इस्लामपूर्व श्रद्धांमध्येही शोधली जातात.

जायचे असेल तर बाजूची उंचावरची आसने घ्यावीत. पुढच्या रांगेतून चेहरे दिसतात, पावले दिसत नाहीत.