ताट, कप की कॅलरी? वाढत्या वयाच्या मुलांचं जेवण कशाने मापायचं

धान्य, भाज्या, फळं, प्रथिनं आणि दूध हे पाच गट जेवणात यायला हवेत, हे आता बहुतेक पालकांना पाठ असतं. घोडं अडतं ते पुढे: कशाचं किती? त्यासाठी तीन पद्धती वापरात आहेत. ताटाचे भाग पाडायचे, कपाने (सुमारे 240 मिलिलिटरच्या माप-कपाने) मापायचं किंवा कॅलरी मोजायच्या. तिन्ही मी घरात वापरून पाहिल्या आहेत, त्यामुळे माझा कौल आधीच सांगते. रोजच्या जेवणाला ताट, अधूनमधून एखादा आठवडा कप, आणि कॅलरी मुलांच्या हाती देऊच नयेत. का, ते आता सांगते.

ताटाची पद्धत रुजली ती 2011 पासून. अमेरिकेच्या कृषी खात्याने त्या वर्षी आहाराचा जुना पिरॅमिड बाजूला ठेवला आणि ताटाचं चित्र आणलं; 2026 च्या सुरुवातीपर्यंत तेच त्यांचं अधिकृत चित्र होतं. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागानेही आपलं ताट काढलं. अर्धं ताट भाज्या-फळांचं, यावर दोन्ही ताटांचं एकमत होतं. उरलेल्या अर्ध्यात साधारण निम्मं धान्य आणि निम्मी प्रथिनं. फरक आहे तो बारकाव्यांत, आणि निवड करणाऱ्याला तोच कामाचा. कृषी खात्याच्या ताटात बटाटा भाजीत धरत, हार्वर्डच्या हिशेबात नाही, कारण तो रक्तातली साखर पिठूळ पदार्थांसारखीच झपाट्याने वाढवतो. कृषी खात्याने ताटाशेजारी दुधाचा पेला ठेवला, हार्वर्डने पाण्याचा. कॅनडाने 2019 मध्ये दुधाचा स्वतंत्र गटच काढला आणि तो प्रथिनांत मिसळला. बटाट्याच्या बाबतीत मी हार्वर्डच्या बाजूने आहे. बटाटा भाजी म्हणून चालवला, की मुलं अर्धं ताट त्यानेच भरतात आणि हिरवं पान ताटाला शिवतही नाही. दुधाकडे नंतर येते.

ताटाची खरी ताकद म्हणजे ते वाढता वाढता दिसतं. आमच्याकडे आधी भात वाढला जायचा, मधोमध, डोंगरासारखा. मग उरलेल्या कडेला भाजी, तीही चमचाभर. एके दिवशी मी फक्त क्रम उलटा केला. आधी भाज्या, त्यांनी अर्धं ताट व्यापलं. मग कडधान्य. मग राहिलेल्या जागेत भात. पदार्थ तेच, भांडी तीच, तरी पान वेगळं दिसू लागलं. मुलाने आणखी भात मागितला तर तो मी जरूर वाढते, कारण खेळून आलेल्या पोराची भूक खरी असते. पण ताटातली भाजी तोवर पोटात गेलेली असते.

आता ताटाच्या उणिवा. सगळं एकाच भांड्यात शिजवलेल्या पदार्थाचे भाग डोळ्यांनी पाडता येत नाहीत. तिथे शिजवतानाच अंदाज घ्यावा लागतो, की धान्याच्या दुप्पट भाजी पडली का. दुसरी उणीव जास्त गंभीर आहे. ताट प्रमाण दाखवतं, पण त्या भागात नेमकं काय आलं हे दाखवत नाही. प्रथिनांच्या पाव भागात रोज चीजच आलं, तरी ताट अगदी नमुनेदार दिसतं. पण दुधाच्या पदार्थांत लोह जवळजवळ नसतं.

इथे कप उपयोगी पडतो. अमेरिकी शिफारशींनुसार 9 ते 18 वर्षांच्या मुलामुलींना दिवसाला 1300 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, म्हणजे तिशीतल्या माणसाहून 300 मिलिग्रॅम जास्त. कपभर दुधात ते साधारण 300 मिलिग्रॅम मिळतं. या वयाला दिवसाला तीन कप दूध किंवा त्या मोलाचं दही-चीज सुचवलं जातं. तरीही जवळपास 400 मिलिग्रॅम उरतातच, ते हिरव्या पालेभाज्या, तीळ, मऊ काट्यांसकट खाल्ले जाणारे छोटे मासे यांतून यावे लागतात. हा हिशेब ताटाच्या चित्रात कधीच दिसत नाही. हाडांचा बहुतांश साठा विशीच्या आत तयार होतो, म्हणून या वयाला दुधाचा किंवा त्याला खऱ्या अर्थाने पर्याय ठरणाऱ्या पदार्थाचा वेगळा विचार हवा असं मला वाटतं. दूध चालत नसेल तर कॅल्शियम घातलेलं सोया दूध चालतं. बदामाच्या दुधात मात्र प्रथिनं फारच कमी असतात.

लोहाचं तसंच. 14 ते 18 वयात मुलग्याला दिवसाला 11 मिलिग्रॅम, मुलीला 15. पाळी सुरू झालेल्या मुलीच्या पानात कडधान्यं, पालेभाज्या किंवा खात असाल तर मांस रोज आहे ना, हे मुद्दाम बघावं लागतं. वनस्पतींतलं लोह अंगी लागायला सोबत क जीवनसत्त्व हवं, म्हणजे लिंबू, संत्रं, सिमला मिरची. जेवणाबरोबर चहा-कॉफी घेतली तर तेच लोह कमी शोषलं जातं.

मात्र कप रोज मापायला लागलात तर घर कंटाळतं. त्यातही फसगती आहेत: कच्च्या पालेभाजीचे दोन कप हिशेबात एकच धरतात. म्हणून मी आठवडाभर मापते, कुठला गट कमी पडतो ते टिपते आणि कप परत फडताळात ठेवते. दर वेळी कमी पडलेली दिसतात ती फळं.

कॅलरी मोजण्याबद्दल मला तीव्रपणे वाटतं, कारण माझी चौदा वर्षांची भाची त्यात अडकलेली मी जवळून पाहिली. तिने फोनवर एक अ‍ॅप घेतलं होतं. केळं सोलून, साल बाजूला काढून, वजनकाट्यावर ठेवायची. आकडा नको तेवढा आला की टोकाचा तुकडा मोडून परत ताटलीत. तो तुकडा तिथेच काळा पडायचा. त्या वयाला दिवसाला किती ऊर्जा लागते? अमेरिकी मार्गदर्शनात 14 ते 18 च्या मुलींसाठी 1800 ते 2400 कॅलरी आणि मुलग्यांसाठी 2000 ते 3200 असा पल्ला आहे. एवढ्या रुंद पल्ल्यातून एक आकडा निवडून वाढत्या शरीरावर लादायचा कसा? उंची झपाट्याने वाढते तेव्हा भूक दुप्पट झाल्यासारखी वाटते, आणि ती पुरवायलाच हवी.

शिवाय कॅलरीला गट कळत नाहीत. साखर घातलेल्या शीतपेयाचा 330 मिलिलिटरचा कॅन आणि कपभर सायीचं दूध, दोन्ही साधारण 140-150 कॅलरी. वहीत दोघांची नोंद सारखीच. पण दुधात 8 ग्रॅम प्रथिनं आणि कॅल्शियम आहे, कॅनमध्ये आहे ती 35 ग्रॅमच्या आसपास साखर.

मग कुणी काय निवडावं? मूल सगळं खाणारं, घर धावपळीचं असेल तर ताट पुरतं. प्रत्येक जेवणात पाचही गट बसले नाहीत तरी घाबरू नका. ब्रिटनचं 2016 चं आहारचित्र तर दिवसभराचा किंवा आठवड्याचा समतोल बघा असंच सांगतं. सकाळी फळ राहिलं तर संध्याकाळी द्या. मूल निवडक खाणारं असेल, दूध किंवा मांस वर्ज्य असेल, किंवा मुलगी सतत थकलेली दिसत असेल, तर कपाने आठवडा तपासा आणि ती नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा. कॅलरीचा हिशेब मधुमेहासारखा आजार किंवा स्पर्धात्मक खेळ असेल तेव्हाच, तोही आहारतज्ज्ञाने करावा.

एक गोष्ट तिन्ही पद्धतींच्या नजरेतून सुटते. प्राण्यांपासून मिळणारं काहीच न खाणाऱ्या मुलांना ब-12 जीवनसत्त्व साध्या जेवणातून भरवशाने मिळत नाही. ताट कितीही रंगीत असलं तरी ते त्यात नसतं. त्यासाठी ब-12 घातलेले पदार्थ किंवा डॉक्टरांनी दिलेली गोळी लागते.