आई-पप्पांच्या मेडिक्लेमसाठी एजंट धरला, काही महिन्यांनंतरचा अनुभव

पप्पा ६८ चे, शुगर बीपी दोन्ही. आई ६४ ची, गुडघ्यांनी बेजार. आधी ऑनलाइनच बघत होतो पण एका साईटवर नंबर टाकला आणि फोनवर फोन सुरू, आणि प्रत्येकाची पॉलिसी एक नंबर. सप्टेंबर २०२५ ला मेडिक्लेमच्या हप्त्यावरचा जीएसटी शून्य झाला, १८ टक्के वाचतायत म्हटल्यावर दिवाळीच्या आधी काढायचीच ठरवलं आणि राजारामपुरीतला एक लायसन्सवाला एजंट गाठला, मेव्हण्याच्या ओळखीतला.

आधी खटकलेलं सांगतो. एजंटला हेल्थवाली एकच कंपनी आणि जनरलवाली एकच, एवढंच विकता येतं. दहा कंपन्या दाखवायच्या तर ब्रोकर लागतो. हे यानं आपणहून सांगितलं नाही, विचारल्यावर सांगितलं. त्यामुळं तुलना आपली आपणच करायची.

पण फॉर्म भरताना खरा उपयोग झाला. घरी आला, पप्पांची फाईल काढायला लावली, एकेक गोळी कशाची ते विचारून लिहिलं. पप्पा म्हणतायत, "अहो ते कशाला लिहिताय, हप्ता वाढतोय की." तर हा म्हणतो, "काका, वाढू दे. उद्या क्लेम अडकला तर शिव्या मलाच घालणार तुम्ही." लोडिंग, म्हणजे आजारापोटी जादा आकार, लागलं, हप्ता वाढला, पप्पा दोन दिवस गप्प. पण लपवलेला आजार कंपनी ५ वर्षांपर्यंत उकरून काढू शकते, आणि फसवणूक दिसली तर त्यानंतरही, मग कशाला रिस्क.

रूम रेंटचं पण त्यानंच समजावलं. ५ लाखाच्या पॉलिसीत रूमला १ टक्का लिमिट म्हणजे दिवसाला ५ हजार, आणि आपण १० हजाराची रूम घेतली तर नुसतं वरचं भाडं नाही, डॉक्टरची फी, ओटीचा खर्च सगळं त्याच प्रमाणात कापतात. आम्ही लिमिट नसलेली घेतली. पण २० टक्के को-पे आहे, म्हणजे क्लेममधला तेवढा वाटा आपणच भरायचा, तो काय टळला नाही. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला २ वर्षं थांबायचंय, जुन्या आजारांना ३ वर्षं.

थंडीत पप्पांना न्यूमोनिया झाला आणि ॲडमिट करावं लागलं. हा नवीन आजार, पॉलिसीचे पहिले ३० दिवस, ज्यात आजाराचा क्लेम मिळत नाही, ते उलटून गेलेले, त्यामुळं क्लेममध्ये बसला. कॅशलेसची (बिल कंपनी परस्पर हॉस्पिटलला देते त्याची) मंजुरी १ तासात आणि डिस्चार्जची ३ तासात द्यायची असा नियम आहे २०२४ पासून, आम्हाला डिस्चार्जच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळ झाली. तिथं एजंट कामाला आला, कंपनीत कुणाला फोन लावायचा ते त्याला माहीत. को-पे आणि ग्लोव्हज, मास्क वगैरे किरकोळ सामान आमच्या खिशातनं गेलं, बाकी मिळालं.

एक गोष्ट मात्र तो चुकूनही बोलला नाही. ७० पूर्ण झाले की सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतंय, ५ लाखापर्यंतच्या मोफत उपचाराचं, उत्पन्नाची अट नाही, खाजगी पॉलिसी असली तरी चालतंय. त्यात कमिशन नाही ना! पप्पा ७० चे झाले की काढणार आहे.

आता दिवाळीला रिन्यूअल. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांच्या वर वाढवायचा तर कंपनीला आधी इर्डाला, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला, विचारावं लागतं, जानेवारी २०२५ चा आदेश आहे, तेवढं बघून घेणार. एजंट तोच ठेवलाय, आईच्या गुडघ्याच्या वेळी लागणारच आहे तो.